लंडनमध्ये एकटीने पहिला दिवस कसा घालवावा?

सुरंगी, दापोली

नमस्कार. मी दापोली तालुक्यात किनाऱ्यावरच्या एका गावात राहते. एकतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून गेल्या मे महिन्यात निवृत्त झाले. धाकट्या बहिणीबरोबर लंडनला जायचे वर्षभरापूर्वीच ठरले होते. दोघींचे व्हिसा झाले, तिकिटे काढून झाली आणि मग तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी लागली. तिकीट वाया घालवू नकोस, तू जा, असा आग्रह तिनेच धरला आणि त्यामुळे आता मी एकटी निघाले आहे. घटस्थापनेच्या रात्री, म्हणजे घड्याळाप्रमाणे द्वितीयेच्या पहाटे दीड वाजता, मुंबईहून विमान आहे आणि लंडनच्या वेळेप्रमाणे त्याच दिवशी सकाळी सातच्या सुमारास मी हीथ्रो विमानतळावर उतरेन. पॅडिंग्टन स्थानकाजवळच्या एका लहान हॉटेलात भाच्याने खोली घेऊन दिली आहे, परंतु ती दुपारी तीनपूर्वी मिळणार नाही असे त्यांनी कळवले आहे.

तिथे काय पाहावे याच्या याद्या मला पुष्कळ मिळाल्या आहेत. माझी शंका त्याच्या आधीची आहे. काशी आणि रामेश्वर मी सहलीबरोबर केले, तेव्हा पुढे झेंडा धरलेला माणूस असे आणि आपण त्याच्या मागे चालायचे एवढेच काम असे. एकटीने मी पुण्याच्या पलीकडे कधी गेलेले नाही. विमानातून उतरल्यापासून खोलीची किल्ली हातात पडेपर्यंतचे आठ तास, आणि त्यानंतर रात्र होईपर्यंतचा वेळ, एकट्या बाईने नेमका कसा घालवावा? पैसे कसे द्यायचे, झोप अनावर झाली तर झोपावे की जागे राहावे, वाट चुकली आणि फोनही बंद पडला तर काय करायचे, हे अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगितले तर बरे होईल. शिवाय माझे नवरात्राचे उपवास असतील, त्यामुळे त्या दिवशी खाण्याचा प्रश्नही आहेच.

वाटाड्या, रत्नागिरी

ताई, नोकरीनिमित्त मी तीन वर्षे लंडनमध्ये होतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. आपला पहिला दिवस खरे तर खेड स्थानकावर सुरू होतो. घटस्थापनेच्या सुमारास कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक चालू असते, गाड्या सावकाश चालतात आणि दरड आली तर त्यांचा काहीच भरवसा राहत नाही. महामार्गावरही तीच गत होऊ शकते. म्हणून विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबईला पोहोचा आणि एक रात्र नातेवाइकांकडे काढा. दिवसभराच्या प्रवासाने अंग आंबलेले असताना दहा तासांचे विमान पकडले, तर लंडनला उतरणारा माणूस दोन रात्रींचा जागा असतो.

दुसरी गोष्ट पैशांची. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. बस असो की भुयारी रेल्वे, बँकेचे कार्ड यंत्राला टेकवायचे आणि आत जायचे, अशी पद्धत आहे. आपल्याकडची कार्डे मात्र मुळात देशापुरतीच चालू केलेली असतात. परदेशातील वापर आणि कार्ड टेकवून पैसे देण्याची सोय, या दोन्ही गोष्टी बँकेच्या अॅपमधून किंवा शाखेत जाऊन स्वतः चालू करून घ्याव्या लागतात. हे काम दापोलीत असतानाच करा आणि शक्य झाल्यास दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे जवळ ठेवा. रेल्वेत शिरताना जे कार्ड टेकवाल तेच बाहेर पडतानाही टेकवा, म्हणजे भाड्याचा हिशोब बरोबर लागतो आणि दिवसभरात ठरावीक रकमेपेक्षा जास्त पैसे कापले जात नाहीत. एकदा कार्ड आणि एकदा फोन असे केले तर यंत्र त्यांना दोन वेगळे प्रवासी समजते. बसमध्ये मात्र चढतानाच टेकवायचे, उतरताना नाही.

पारपत्र तपासणीच्या रांगेत तास-सव्वा तास जाऊ शकतो, तेव्हा पाणी पिऊन आणि स्वच्छतागृहात जाऊन मगच रांगेत उभ्या राहा. किती दिवस राहणार, कुठे राहणार, परत कधी जाणार, इतकेच साधारणपणे विचारतात. हॉटेलच्या नोंदणीचा आणि परतीच्या तिकिटाचा कागद हातातल्या पिशवीत असू द्या. सामानात तूप, पेढे, खवा यांपैकी काहीही नेऊ नका, कारण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आपल्याकडून तिथे नेण्यास मनाई आहे. तिथल्या भिंतीत तीन चपट्या खिळ्यांचा प्लग बसतो, तो जोड मुंबईतच विकत घ्या. विजेचा दाब आपल्यासारखाच आहे.

हीथ्रोहून पॅडिंग्टनला एलिझाबेथ लाइन थेट जाते आणि तिला साधारण अर्धा तास लागतो. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. हीथ्रो एक्स्प्रेस नावाची दुसरी गाडीही त्याच स्थानकातून पॅडिंग्टनलाच सुटते, ती पंधरा मिनिटांत पोहोचवते आणि तिचे भाडे कितीतरी जास्त असते. कार्ड दोन्हींना चालते, त्यामुळे चुकीच्या गाडीत बसल्याचे पैसे कापले गेल्यावरच कळते. फलाटावरची पाटी वाचून, किंवा तिथल्या कर्मचाऱ्याला विचारून, मगच डब्यात पाय ठेवा.

आता त्या आठ तासांविषयी. उतरून, तपासणी होऊन पॅडिंग्टनला पोहोचेपर्यंत साडेनऊ-दहा वाजतील. खोली मिळाली नाही तरी बॅग ठेवून घेतात, ती ठेवा आणि हलक्या हाताने बाहेर पडा. तिथून पायी पंधरा मिनिटांच्या आत लिटल व्हेनिस नावाचा कालव्याचा भाग लागतो, आणि त्याच्या बाजूलाच हाउली प्लेस या गल्लीत १० क्रमांकाचे घर आहे. १९१८-१९ मध्ये लोकमान्य टिळक या घरात राहत होते. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारावरील बदनामीच्या खटल्यासाठी ते विलायतेला गेले होते, त्या वेळचा हा मुक्काम. भिंतीवर निळी गोल पाटी आहे. घर खासगी असल्यामुळे आत जाता येत नाही, पण रत्नागिरीच्या टिळक आळीतील जन्मस्थान आपण पाहिले असेल, तर त्या पाटीसमोर दोन मिनिटे उभे राहण्याला निश्चित अर्थ आहे. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये ज्या घरात राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचे घरही १० क्रमांकाचेच आहे. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतले आणि आता तिथे स्मारक आहे. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आपल्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातले, तेव्हा तिथेही जाच, पण दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी.

केवडा, मालवण

वर लिहिलेले सर्व उपयोगी आहे. मी दोन वर्षांपूर्वी एकटीच लंडनला गेले होते, तेव्हा माझे वय एक्कावन्न होते, म्हणून बाईच्या बाजूने चार गोष्टी सांगते.

माझे कार्ड बँकेने चालू असल्याचे सांगितले होते आणि ते विमानतळाच्या स्थानकावर चालले नाही. माझ्याकडे दुसरे कार्ड नव्हते. पाठीमागे रांग थांबलेली आणि समोरचे दार उघडेना, त्या मिनिटाची आठवण अजूनही सुखाची नाही. शेवटी विमानतळावर रुपये बदलून घेतले आणि मिळालेल्या पौंडांतून यंत्रावर प्रवासाचे ऑइस्टर कार्ड घेतले. त्यामुळे दोन कार्डे आणि थोडे रोख पौंड या बाबतीत हयगय करू नका.

माझी खरी चूक त्यापुढची होती. खोली मिळायला वेळ आहे, वेळ वाया जाऊ नये, म्हणून मी बॅग ठेवून तडक ब्रिटिश म्युझियमला गेले. प्रवेश विनामूल्य आहे आणि संग्रह एका जन्मात पाहून होणार नाही इतका मोठा आहे. मी तिथे चार तास होते आणि आज मला त्यातले काहीही आठवत नाही. दगडी मूर्तींच्या एका दालनात बाकावर बसल्या बसल्या डोळा लागला, पिशवी घसरून खाली पडली, आणि जाग आली तेव्हा मी कुठे आहे हेच काही क्षण मला कळेना. परक्या गावात एकट्या बाईवर ती वेळ येऊ नये. म्हणून माझे मत असे आहे की पहिल्या दिवशी तिकीट काढून, किंवा रांगेत उभे राहून पाहायचे असे काहीच ठेवू नये. त्या दिवसाचे काम एकच, आपण राहतो ती जागा आणि तिच्या आजूबाजूच्या दोन-चार वाटा पायाखाली घालणे. खोलीपासून स्थानकापर्यंत जायचे आणि परत यायचे, मग दुसऱ्या गल्लीने जायचे आणि परत यायचे. कोपऱ्यावर कोणते दुकान आहे, कोणत्या दाराला कोणता रंग आहे, हे मनात ठेवायचे. पॅडिंग्टनच्या बाजूची घरे पांढऱ्या खांबांची आणि एकासारखी एक असतात, त्यामुळे अंधार पडल्यावर आपले दार ओळखणे वाटते तितके सोपे नसते. पहिल्या दिवशी एवढे साधले की पुढचे आठ दिवस कुठेही लांब गेले तरी परत येण्याची धास्ती राहत नाही.

झोपेचे म्हणाल तर, त्या दिवसांत लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. आपण दुपारी तीनला खोलीत जाल तेव्हा आपल्या शरीराचे साडेसात वाजलेले असतील. अजिबात झोपू नका असे पुष्कळ लोक सांगतात, मला ते पटत नाही. रात्रभर विमानात बसलेल्या माणसाने पाऊण तास आडवे व्हावे, परंतु गजर लावूनच, आणि उठल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून बाहेर पडावे. सूर्य साडेसहा-सातला मावळतो. तोवर उजेडात चालत राहिलात तर रात्री नीट झोप लागते. पहाटे तीन-चारला जाग येईल, तेव्हा घाबरू नका, ती जाग आपल्या गावच्या सकाळची असते.

हॉटेलचे नाव, पत्ता, दूरध्वनी आणि जवळच्या स्थानकाचे नाव एका जाड कागदावर ठळक अक्षरांत लिहून ओच्यात, पर्समध्ये, जिथे सहज हात जाईल तिथे ठेवा. फोन बंद पडला तर हा कागद एखाद्या दुकानदाराला, स्थानकावरच्या कर्मचाऱ्याला किंवा बसच्या चालकाला दाखवायचा. लोक नीट सांगतात, फक्त आपण विचारायला संकोचू नये. आणीबाणीला ९९९. रस्त्याच्या कडेला उभे राहून फोनमध्ये नकाशा पाहू नका, कारण सायकलवरून येऊन हातातला फोन हिसकावून नेण्याचे प्रकार तिथे होतात. नकाशा पाहायचा असेल तर भिंतीकडे सरकावे, किंवा दुकानात शिरून शांतपणे पाहावा. सरकत्या जिन्यावर उजव्या बाजूला उभे राहतात आणि डावी बाजू घाईच्या लोकांसाठी मोकळी सोडतात.

उपवासाचे सोपे आहे. अख्खा बटाटा सालासकट भट्टीत भाजून, मध्ये चीर देऊन लोणी घालून देतात, त्याला जॅकेट पोटॅटो म्हणतात. वर दुसरे काही घालू नका एवढे आधीच सांगायचे. केळी, सफरचंद, दही, दूध प्रत्येक कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. सैंधव पाळत असाल तर पुडीत बांधून न्या. राजगिऱ्याचे लाडू आणि खजूर हातातल्या पिशवीत असू द्या, ते पहिल्याच दिवशी उपयोगी पडतात.

सुकाणू, देवगड

ताई, मी मालवाहू जहाजांवर सत्तावीस वर्षे नोकरी केली आणि आता देवगडला असतो. टेम्स नदीच्या मुखाकडे टिलबरी हे बंदर आहे, तिथे आमचे जहाज अनेकदा लागले. नव्या बंदरात शिरताना खलाशी सर्वांत आधी पाण्याकडे पाहतो. भरती आहे की सुकती, ओढ कुठल्या बाजूची आहे, हे एकदा कळले की जागा परकी राहत नाही. आपण किनाऱ्यावरच्या आहात म्हणून सुचवतो की पहिल्या दिवशी संध्याकाळी नदीवर जा आणि नुसते पाणी पाहा.

टेम्स ही लंडनमध्ये नावाला नदी आणि चालीला खाडी आहे. समुद्र बराच दूर असूनही त्याचे पाणी शहराच्या पोटातून वर टेडिंग्टनच्या बांधापर्यंत चढते. लंडन ब्रिजपाशी उधाणाच्या दिवसांत भरती आणि सुकती यांच्या पातळीत सात मीटरांपर्यंत फरक पडतो, आणि आपल्या देवगड-रत्नागिरीचे उधाण त्याच्यापुढे कितीतरी कमी पडते. सुकतीला पुलांखाली वाळू-गोट्यांचा किनारा उघडा पडतो आणि सहा तासांनी त्याच जागेवरून बोटी जातात. पर्यटक दोन्ही वेळा पुलावरून घड्याळाचा मनोरा पाहतात आणि निघून जातात. आपल्याला मात्र ते पाणी वाचता येईल.

आपल्याकडे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीला पाऊणपट केले की पूर्ण भरतीची वेळ येते, म्हणजे अष्टमीला सहा वाजता आणि पौर्णिमेला सव्वाअकराला. हे आपल्याला घरीच ठाऊक असेल. माझ्या अनुभवाने, त्या दिवसांतल्या लंडनच्या घड्याळाप्रमाणे या वेळेत ढोबळमानाने साडेतीन तास मिळवले की लंडन ब्रिजची भरती निघते. द्वितीयेचा हिशोब दीड वाजता येतो, तेव्हा लंडनला पाचच्या सुमारास पाणी भरलेले असेल. नेमकी वेळ पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीच्या भरतीच्या तक्त्यात मिळते आणि ती जाण्याआधी अवश्य पाहून घ्या, कारण वाऱ्याने आणि वरच्या पावसाने पाणी मागेपुढे होते. त्यातही अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस आणि शरद संपाताचा, म्हणजे दिवस-रात्र सारखे असण्याचा काळ, त्यामुळे वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी एक आपल्या वाट्याला येत आहे.

पॅडिंग्टनहून बेकरलू ही तपकिरी रंगाची लाइन थेट एम्बँकमेंट स्थानकाला जाते. बाहेर पडले की समोर नदी आहे. तिथल्या दगडी कठड्यावर नदीच्या बाजूने ओळीने सिंहांची ब्राँझची तोंडे बसवलेली आहेत आणि त्यांच्या जबड्यात नांगरायच्या कड्या आहेत. सिंह पाणी पिऊ लागले की लंडन बुडाले समजावे, असे तिथले जुने लोक म्हणतात. सिंहांपेक्षाही धक्का पाहा. बोटींचा धक्का पाण्यावर तरंगता असतो आणि काठापासून त्यावर उतरायला लोखंडी पूल टाकलेला असतो. सुकतीला तो पूल घसरगुंडीसारखा तिरपा होतो आणि पूर्ण भरतीला जवळजवळ सपाट. त्याच्या उतारावरून पाणी किती चढले आहे ते न विचारता समजते.

उघड्या पडलेल्या किनाऱ्यावर मात्र उतरू नका. तिथे पाणी फार वेगाने चढते, आणि वस्तू शोधण्यासाठी उतरायचे तर परवाना लागतो.

सुरंगी, दापोली

तिघांचेही मनापासून आभार. दोन शंका उरल्या आहेत. केवडाताई म्हणतात की पहिल्या दिवशी राहत्या जागेच्या आसपासच राहावे आणि सुकाणूकाका नदीवर जायला सांगतात. दोन्ही कसे जमवावे? दुसरे असे की सातनंतर अंधार पडल्यावर एकटीने भुयारी रेल्वेने परत येणे बरे दिसते का?

केवडा, मालवण

काकांचे म्हणणे मला मान्य आहे, कारण त्यात तिकीट नाही, रांग नाही आणि वाट एकच आहे. फक्त पाऊण तास झोपूनही डोळे जड असतील तर नदी दुसऱ्या दिवशीवर टाका, ती तिथेच असते. सातलाही गाड्यांत कचेऱ्यांतून घरी निघालेली पुष्कळ माणसे असतात, त्यामुळे भीतीचे कारण नाही. साडेपाच ते साडेसहा मात्र दादर स्थानकाची आठवण यावी इतकी गर्दी असते. म्हणून साडेपाचच्या आत किंवा साडेसहानंतर परतीची गाडी धरा.

वाटाड्या, रत्नागिरी

एकच भर घालतो. हाउली प्लेससाठी वॉरविक अॅव्हेन्यू हे जवळचे स्थानक आणि आपले पॅडिंग्टन, ही दोन्ही बेकरलू लाइनवर लागून आहेत, आणि एम्बँकमेंटही त्याच लाइनवर आहे. म्हणजे संपूर्ण पहिला दिवस एका तपकिरी रेषेवर बसतो. नदीकडे जाताना एलिफंट अँड कासल अशी पाटी असलेल्या फलाटावर जा आणि परत येताना त्याच्या उलट दिशेच्या. या दोन ओळी पत्त्याच्याच कागदावर मागच्या बाजूला लिहून ठेवा. महाराष्ट्र मंडळ लंडन १९३२ पासून चालू आहे. नवरात्रात तिथे काही कार्यक्रम आहे का ते पुढच्या दिवसांसाठी जरूर पाहा.

सुरंगी, सध्या लंडन

काल पोहोचले. आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले होते, म्हणून आजच कळवते.

पारपत्राच्या रांगेत सव्वा तास गेला. फलाटावर आधी एक्स्प्रेसच उभी होती आणि सर्व जण तिच्यात चढत होते. मी गणवेशातल्या मुलीला विचारले, तिने हाताने थांबा अशी खूण केली आणि पुढची गाडी आल्यावर स्वतः येऊन दार दाखवले. पहिले कार्ड चालले नाही, दुसरे चालले. केवडाताईंचा तो परिच्छेद वाचला नसता तर मी दुसरे कार्ड घेतलेच नसते.

बॅग ठेवून हाउली प्लेसला चालत गेले. निळी पाटी वाचली. लोकमान्यांचे नाव, जन्म-मृत्यूची वर्षे, भारतीय देशभक्त आणि तत्त्वज्ञ ही ओळख आणि इथल्या मुक्कामाची वर्षे, इतकेच त्यावर आहे. शाळेत दर वर्षी १ ऑगस्टला मी मुलांना जे सांगत आले, त्यात हे घर कधीच नव्हते, याची मला तिथे उभी असताना रुखरुख लागली. परत येताना कालव्याच्या काठी बाकावर बसून राजगिऱ्याचे दोन लाडू खाल्ले. कालव्यात लांबट, अरुंद बोटी बांधलेल्या आहेत आणि त्यांत माणसे संसार करून राहतात. समोरच्या बोटीच्या टपावर एका बाजूला जळणासाठी फोडलेली लाकडे नीट रचली होती आणि दुसऱ्या बाजूला फुलझाडांच्या कुंड्या होत्या. एक वयस्कर बाई आतून तांब्याएवढे भांडे घेऊन वर आल्या, एकेका कुंडीत बोट घालून माती पाहत होत्या आणि जिथे सुकी लागली तिथेच पाणी घालत होत्या. माझ्याकडे पाहून त्या हसल्या. मी तिथे जवळजवळ तासभर बसले होते.

खोली दोन वाजताच मिळाली. गजर लावून पाऊण तास झोपले, उठताना फार जड गेले, पण अंघोळीनंतर बरे वाटले. नदीवर जाताना एम्बँकमेंटला उतरायचे चुकले आणि गाडी नदीखालून पुढे वॉटर्लूला गेली. कागदाच्या मागच्या ओळी वाचून पलीकडच्या फलाटावर गेले आणि एक स्थानक मागे आले. चूक झाल्यावर ती स्वतःची स्वतःला सुधारता आली, याने मनाला जो धीर आला तो दिवसभर बरोबर होता.

पाच वाजायला दहा मिनिटे असताना कठड्याशी पोहोचले. काका, तो लोखंडी पूल हाताने रेष ओढावी तसा सपाट होता. पाणी आपल्या दाभोळच्या खाडीसारखेच गढूळ, आणि वर तरंगत आलेल्या काटक्या एका जागी थबकलेल्या. पाव तास त्या कुठेच हलल्या नाहीत. मग त्यांतली एक हळूच समुद्राच्या दिशेने वळली आणि तिच्यामागे बाकीच्या निघाल्या. सिंहांच्या तोंडापर्यंत पाणी आले नव्हते. मी पुन्हा पुलाकडे पाहिले तेव्हा त्याला किंचित उतार आला होता.

परतीची गाडी साडेसहानंतरच धरली, बसायला जागा मिळाली. भाजलेला बटाटा लोणी आणि माझे सैंधव घालून खाल्ला. साडेआठला झोपले ती पहाटे साडेतीनला जागी झाले, म्हणजे घरी सकाळचे आठ वाजले होते. बहिणीला फोन लावला. ती पाय लांब करून पडवीत बसली होती आणि समोरची सुकती पाहत होती, होड्या कलंडून वाळूत टेकलेल्या आहेत म्हणाली. तुझ्याकडे आता काय आहे, असे तिने विचारले. मी तिथीचा हिशोब केला आणि इथे पाणी चढत असेल असे तिला सांगितले.